मामांचे आडनाव

भाचीसाठी स्थळं बघायला सुरुवात झाली तेव्हा बायोडेटा टाइप करायचं काम माझ्याकडे आलं. ताईने एका जुन्या वहीत सगळं लिहून ठेवलं होतं. वर ‘श्री गणेश प्रसन्न’. मग नाव, जन्मतारीख, जन्मवेळ सकाळी ६ वाजून २२ मिनिटं, जन्मस्थळ, उंची, वर्ण, रक्तगट, रास, नक्षत्र, गण, नाडी, देवक. त्याखाली शिक्षण, कंपनीचं नाव, वार्षिक पॅकेज, राहत्या घराचा पूर्ण पत्ता. मग वडील काय करतात, आई काय करते, भाऊ कुठे शिकतो, गावाकडे शेती किती. ‘मामा’ या रकान्यात माझं नाव, आडनाव आणि गाव. सगळ्यात खाली ताईचा आणि दाजींचा मोबाइल नंबर, त्यांच्या शेजारी भाचीचाही. उजव्या कोपऱ्यात साडीतला फोटो.

एका पानाची पीडीएफ झाली. ताईने ती समाजाच्या दोन वधू-वर ग्रुपवर टाकली, मावशीने नाशिकच्या एका ग्रुपवर. आत्याने कुणाकुणाला पाठवली हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं. तीन आठवड्यांनी भाचीला फोन आला. बोलणारा अगदी नम्र. ‘मॅडम, क्रेडिट कार्ड विभागातून बोलतोय. मी तुम्हाला काहीच विचारत नाही, आमच्याकडची माहिती बरोबर आहे का, तेवढं फक्त सांगा.’ त्याने तिचं पूर्ण नाव घेतलं. मग जन्मतारीख, मग कंपनी, मग घरचा पत्ता. शेवटी म्हणाला, ‘आणि आईचं माहेरचं आडनाव...’ आणि माझं आडनाव सांगितलं. भाची पाचही वेळा ‘हो’ म्हणाली. सहाव्यांदा त्याने मोबाइलवर आलेला ओटीपी मागितला, तेव्हा तिने फोन कापला.

पैसे गेले नाहीत. पण संध्याकाळी ती मला म्हणाली, ‘मामा, त्याला तुमचं आडनाव कसं कळलं?’

ती पीडीएफच त्याच्यासमोर होती असं मी शपथेवर सांगू शकत नाही. पण त्याने सांगितलेल्या पाचही गोष्टी त्या पानावर होत्या, आणि त्याच क्रमाने होत्या.

आईचं माहेरचं आडनाव ही गुप्त गोष्ट आहे, असं बँकांनी कधीतरी ठरवून टाकलं. त्यामागे एक हिशेब होता. इंग्लंड-अमेरिकेत लग्नानंतर बाईने नवऱ्याचं आडनाव घेतलं की तिचं आधीचं आडनाव रोजच्या व्यवहारातून पुसलं जायचं. ते घरच्यांना माहीत, बाहेर फारसं कुणाला नाही. म्हणून ओळख पटवायला तो प्रश्न सोयीचा. तोच प्रश्न जसाच्या तसा आपल्या फॉर्मांवर उतरला, आणि इथे येताच त्याची किल्ली हरवली. आपल्याकडे दोन बायका एसटीत शेजारी बसल्या तरी पहिल्या दहा मिनिटांत ‘माहेरच्या कुठल्या तुम्ही?’ हे विचारून होतं. लग्नपत्रिकेवर मामांची नावं असतात. अंतरपाटाशी मामा उभे असतात. मामेकुळ सांगितल्याशिवाय स्थळाची बोलणी पुढे सरकत नाहीत. ज्या समाजात हे आडनाव ही ओळखीची पहिली पायरी आहे, तिथे ते बँकेचं कुलूप होऊच शकत नाही.

हे कुलूप मुळातच कच्चं आहे, हे अमेरिकेलाही कळलं. सप्टेंबर २००८ मध्ये उपराष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवार सारा पेलिन यांचं याहूचं ईमेल खातं एका कॉलेजातल्या मुलाने उघडलं. त्यासाठी त्याला कुठलंही अवघड तंत्र लागलं नाही. ‘पासवर्ड विसरलात?’ या दुव्यावर जन्मतारीख, पिनकोड आणि ‘जोडीदाराशी तुमची भेट कुठे झाली?’ एवढंच विचारलं गेलं. तिन्ही उत्तरं इंटरनेटवर शोधून मिळाली. २०१७ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने ओळख पटवण्याबाबतच्या आपल्या मार्गदर्शक सूचनांमध्ये असे प्रश्न पासवर्डसाठी वापरू नयेत असं स्पष्ट लिहिलं. आपल्या अनेक फॉर्मांवर आईच्या माहेरच्या आडनावाचा रकाना अजून आहे.

माझ्या मनाला जास्त लागलं ते पुढचं. त्या रात्री मी बायोडेटा समोर ठेवला आणि एकेका ओळीने कुठलं दार उघडतं ते तपासत बसलो. आधार देणाऱ्या यूआयडीएआय या संस्थेच्या संकेतस्थळावरून उतरवलेल्या ई-आधारच्या पीडीएफला पासवर्ड असतो. तो म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं आणि जन्मवर्ष. बायोडेटात दोन्ही आहे. कित्येक बँका आणि विमा कंपन्या ईमेलने जी विवरणपत्रं पाठवतात, त्यांचा पासवर्ड नावाची अक्षरं आणि जन्मतारखेचे आकडे जोडूनच केलेला असतो. तोही बायोडेटातच. आयकर खात्याचं वार्षिक माहिती विवरणपत्र उघडायला पॅन आणि जन्मतारीख लागते. पॅन बायोडेटात नव्हता, पण भाचीच्या पॅनची झेरॉक्स गेल्या दोन वर्षांत किती ठिकाणी दिली गेली ते मोजताना माझी दोन्ही हातांची बोटं संपली.

आता झेरॉक्सच्या दुकानाचं सांगतो, कारण या सगळ्यात मला सर्वांत मोठी गळती तिथेच दिसते. गेल्या वर्षी एका कामासाठी आधारची प्रिंट हवी होती. दुकानदाराने काउंटरवर चिकटवलेला नंबर दाखवला, ‘काका, या व्हॉट्सॲपवर पाठवा.’ मी पाठवली. त्याने संगणकावर व्हॉट्सॲप उघडलं, फाइल उतरवली, डाउनलोड्सचा फोल्डर उघडला. स्क्रीन माझ्याकडे वळलेली होती. फोल्डरमध्ये वरपासून खालपर्यंत आधार, पॅन, दहावीची गुणपत्रिका, भाडेकरार, रेशनकार्ड, कुणाच्या तरी वडिलांचा मृत्यूचा दाखला, एका बाईचा सोनोग्राफीचा रिपोर्ट. शेकडो फाइली. तो मुलगा प्रामाणिक होता, त्याच्या मनात काही नव्हतं. पुसून टाकायचं त्याच्या डोक्यातच आलेलं नव्हतं, कारण कुणी तसं सांगितलंच नव्हतं. त्या संगणकाला पासवर्ड नव्हता. दुकान बंद झाल्यावर तो संगणक कुठे जातो, जुना झाल्यावर कुणाला विकला जातो, आत बसवलेला गेम कुठून आलेला आहे, हे त्यालाही माहीत नव्हतं. मी माझी फाइल माझ्यासमोर पुसायला लावली आणि रिसायकल बिनमधूनही काढायला लावली. त्याने लगेच काढली, वर ‘सॉरी काका’ म्हणाला. बाकीच्या शेकडो लोकांच्या वतीने बोलणारं तिथे कुणी नव्हतं.

एकटी जन्मतारीख निरुपद्रवी असते. एकटा पत्ताही. धोका त्यांच्या बेरजेत असतो, आणि ही बेरीज किती लवकर होते हे लॅटान्या स्वीनी या संशोधक बाईंनी १९९० च्या दशकात दाखवून दिलं. मॅसॅच्युसेट्स राज्याने आपल्या कर्मचाऱ्यांच्या आजारपणाच्या नोंदी संशोधनासाठी खुल्या केल्या होत्या. नावं, पत्ते काढून टाकले होते, जन्मतारीख, लिंग आणि पिनकोड मात्र तसेच ठेवले होते. काळजीचं कारण नाही, असं राज्याचे गव्हर्नर विल्यम वेल्ड यांनी सांगितलं होतं. स्वीनी तेव्हा एमआयटीत शिकत होत्या. त्यांनी गव्हर्नर राहत असलेल्या केंब्रिज शहराची मतदारयादी २० डॉलरना विकत घेतली आणि दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या. वेल्ड यांची जन्मतारीख असलेले शहरात सहा जण निघाले. त्यांतले पुरुष तीन. गव्हर्नरांच्या पिनकोडमध्ये राहणारा एकच. गव्हर्नरांच्या आजारपणाची नोंद, त्यांचं नाव काढून टाकलेलं असताना, त्यांची म्हणून ओळखू आली. पुढे २००० साली स्वीनी यांनी हिशेब मांडला की जन्मतारीख, लिंग आणि पाच अंकी पिनकोड एवढ्या तीन गोष्टींवरून अमेरिकेतले ८७ टक्के लोक नेमके ओळखता येऊ शकतात.

आपला पिनकोड सहा अंकी. १५ ऑगस्ट १९७२ ला तो सुरू झाला आणि त्याची आखणी श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी माणसाने केली, हे जाता जाता सांगायला हवं. एकेका पिनकोडखाली आपल्याकडे माणसं कितीतरी जास्त, त्यामुळे तिकडचा हिशेब इकडे तसाच लागू होणार नाही. पण बायोडेटात जन्मतारखेबरोबर मिनिटापर्यंतची वेळ असते, गाव असतं, मामा असतो. त्यात फोटो आणि मोबाइल नंबर जोडला की शंकेला जागा राहत नाही. आणि वधू-वर मेळाव्याच्या छापील पुस्तिका आता पीडीएफ होऊन फिरतात. एका फाइलमध्ये पाचशे मुलंमुली, प्रत्येकाचा पगार आणि पत्ता. ज्याला फसवायचं आहे त्याला घरात चोरी करायची गरजच उरत नाही.

हे बोललं की एक उत्तर हमखास मिळतं. ‘आपल्याकडे लपवण्यासारखं आहे काय? गावात सगळ्यांना सगळ्यांचं माहीतच असायचं की!’ या म्हणण्याचा मी खूप विचार केला आहे. गावात माहीत असायचं, हे खरं. पण ते वेशीच्या आत असायचं. शेजारणीला माझ्या आजीच्या घरातलं भांडण ठाऊक होतं, तसं आजीलाही शेजारणीच्या घरातलं ठाऊक होतं. दोघींना एकमेकींचं तोंड रोज बघायचं होतं, त्या दोघींमध्ये एक धाक होता. भाचीला फोन करणाऱ्या माणसाला तिच्याबद्दल पाच गोष्टी माहीत होत्या. तिला त्याच्याबद्दल एकही माहीत नव्हती, त्याचं खरं नावसुद्धा नाही.

खासगीपणा म्हणजे काही काळंबेरं झाकणं, हा समज आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ ला पुसून काढला. कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांनी २०१२ साली, वयाच्या ८६ व्या वर्षी, आधारविरुद्ध याचिका केली होती. सुनावणीत केंद्र सरकारने भूमिका घेतली की राज्यघटनेने खासगीपणाचा मूलभूत हक्क दिलेलाच नाही. त्यासाठी दाखला दिला तो १९५४ च्या आठ आणि १९६२ च्या सहा न्यायमूर्तींच्या निकालांचा. म्हणून नऊ न्यायमूर्तींचं खंडपीठ बसलं. त्यात धनंजय चंद्रचूड आणि शरद बोबडे हे मराठी न्यायमूर्तीही होते. नऊही जणांनी एकमताने सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. याच निकालपत्रात धनंजय चंद्रचूडांनी आणीबाणीतला, नागरिकांना कोर्टाचं दार बंद करणारा १९७६ चा निकाल चूक होता असं लिहिलं. तो निकाल देणाऱ्या बहुमतात त्यांचे वडील यशवंतराव चंद्रचूड होते. पुढच्या वर्षी, त्याच न्यायालयाच्या २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात, आधार योजना कायम राहिली, पण बँक खातं आणि मोबाइल जोडणीसाठी आधारची सक्ती करता येणार नाही हेही ठरलं. हॉटेलात, सोसायटीच्या गेटवर, लकी ड्रॉच्या टेबलावर कुणी ‘आधारच पाहिजे’ म्हणून अडून बसलं तर हा निकाल आठवावा आणि दुसरं ओळखपत्र पुढे करावं.

ऑगस्ट २०२३ मध्ये वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा झाला आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम आले. त्यातल्या मोठ्या जबाबदाऱ्या लागू व्हायला नियमांनी दीड वर्षाची मुदत दिली आहे. कायद्याचा गाभा चांगला आहे. माहिती ज्या कामासाठी घेतली त्याच कामासाठी वापरायची, काम संपलं की पुसायची, संमती जितक्या सहज देता येते तितक्याच सहज मागे घेता आली पाहिजे. चूक करणाऱ्या कंपनीला २५० कोटी रुपयांपर्यंत दंड. सरकारी यंत्रणांना दिलेल्या सवलती मला फार सैल वाटतात, आणि नागरिकाला नुकसानभरपाई मिळवून देणारी वाट या कायद्यात नाही, हा त्यातला मोठा उणेपणा. पण आपल्या गोष्टीपुरती महत्त्वाची ओळ वेगळीच आहे. एखाद्या व्यक्तीने वैयक्तिक किंवा घरगुती कारणासाठी वापरलेल्या माहितीला हा कायदा लागू नाही. जी माहिती माणसाने स्वतःच जगजाहीर केली तिलाही नाही. म्हणजे आत्याने पुढे पाठवलेला बायोडेटा कायद्याच्या कक्षेबाहेर आहे. तिथे पहारा आपला आपणच द्यायचा.

तो कसा द्यायचा, हे मी घरात जे केलं त्यावरून सांगतो. बायोडेटाचे दोन भाग केले. ग्रुपवर जाणाऱ्या पानावर नाव, वय वर्षांत, शिक्षण, कामाचं क्षेत्र, गाव आणि दाजींचा एकच नंबर. जन्मतारीख, वेळ, पत्ता, कंपनी, पगार आणि मामा हे दुसऱ्या पानावर. ते फक्त बोलणी पुढे सरकली की, ओळख पटलेल्या एकाच घराला. पत्रिका जुळवायला वेळ लागतेच, ती तेव्हा द्यावी.

बँकेच्या गुप्त प्रश्नाला खरं उत्तर द्यायचं कारण नाही. ‘आईचं माहेरचं आडनाव’ या प्रश्नाला भाचीने आता एका झाडाचं नाव, एका गावाचं नाव आणि एक आकडा असं जोडून उत्तर ठरवलं आहे आणि ते वहीत लिहून कपाटात ठेवलं आहे. बँकेच्या संगणकाला ते खरं की खोटं याच्याशी देणंघेणं नाही, जुळलं म्हणजे झालं. पासवर्डचंही तसंच. एकमेकांशी संबंध नसलेले चार लांब शब्द हे नाव आणि जन्मसाल यांच्या खिचडीपेक्षा कितीतरी भक्कम. ईमेलचा पासवर्ड मात्र दुसरीकडे कुठेही वापरू नये आणि त्यावर दुहेरी पडताळणी लावावीच, कारण बाकीच्या सगळ्या खात्यांचे पासवर्ड ईमेलमधूनच बदलता येतात.

आधारची प्रत द्यावी लागली तर ‘मास्क्ड आधार’ द्यावं. त्यात बारापैकी शेवटचे चारच आकडे दिसतात. ते यूआयडीएआयच्या संकेतस्थळावरून फुकट उतरवता येतं. २७ मे २०२२ ला यूआयडीएआयच्या बंगळुरू कार्यालयाने आधारची झेरॉक्स कुणालाही सरसकट देऊ नका, मास्क्ड आधार वापरा, असं पत्रक काढलं. दोन दिवसांत ‘गैरसमज होऊ शकतो’ म्हणून केंद्राने ते मागे घेतलं. माझ्या मते त्या पत्रकातला सल्ला बरोबर होता आणि तो आजही पाळण्यासारखा आहे. कागदाची झेरॉक्स द्यायचीच झाली तर तिच्यावर आडवं लिहावं, ‘फक्त अमुक कामासाठी’, खाली तारीख आणि सही. अक्षरं फोटोवर आणि मजकुरावर थोडी चढू द्यावीत, म्हणजे ती खोडून दुसरीकडे वापरणं जड जातं.

बोटांच्या ठशांबद्दल जास्त सावध राहायला हवं, कारण पासवर्ड बदलता येतो, अंगठा बदलता येत नाही. २०१८ मध्ये तेलंगणात एकाने जमिनीच्या नोंदणी दस्तांवरचे ठसे संकेतस्थळावरून उतरवून त्यांचे साचे केले आणि त्यांवर सिमकार्डं चालू केली. आधारवर पैसे काढून देणाऱ्या यंत्राला ओटीपी लागत नाही, अंगठा पुरतो. म्हणून ज्यांना या सेवेची गरज नाही त्यांनी आधारच्या ॲपमधून बायोमेट्रिक कुलूपबंद करून ठेवावं. हवं तेव्हा उघडता येतं. आईचं कुलूप लावायला मला पाच मिनिटं लागली, त्यातली तीन तिचा चष्मा शोधण्यात गेली. ज्या आजी-आजोबांचं पेन्शन गावातल्या बँक मित्राकडे अंगठ्यावर निघतं, त्यांच्या बाबतीत मात्र हे घरच्यांनी त्यांच्याशी बोलून ठरवावं.

आणखी दोन ठिकाणी सहा महिन्यांतून एकदा डोकावावं. संचार साथी या सरकारी संकेतस्थळावर आपल्या नावावर किती सिमकार्डं आहेत ते दिसतं. अनोळखी नंबर असेल तर तिथूनच कळवता येतं. आणि रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार प्रत्येक पतमापन संस्थेकडून वर्षातून एकदा आपला संपूर्ण क्रेडिट रिपोर्ट फुकट मिळतो. आपल्या पॅनवर कुणी परस्पर कर्ज उचललं असेल तर ते तिथे उघडं पडतं. वसुलीचा फोन येईपर्यंत थांबू नये.

इतकं करूनही फसगत होऊ शकते. शिकलेले, सावध, निवृत्त अधिकारीही फसले आहेत. तेव्हा घरात कुणी फसलं तर पहिली गोष्ट, त्याच्यावर ओरडू नका. लाजेने गप्प बसलेला माणूस जो वेळ घालवतो, त्याच वेळात पैसे चार खात्यांतून फिरून निघून जातात. १९३० हा नंबर ताबडतोब लावायचा, मग बँकेला कळवायचं, मग सायबरक्राइमच्या सरकारी पोर्टलवर तक्रार नोंदवायची. आपली चूक नसताना बाहेरच्याने खात्यातून पैसे काढले आणि तीन कामाच्या दिवसांत बँकेला कळवलं, तर रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार ग्राहकावर त्याचा भार पडत नाही. ओटीपी आपणच सांगितला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान आपलं. म्हणून तिथेही मिनिटं मोलाची.

ताईला पहिल्यांदा दोन पानांचा बायोडेटा पटला नाही. ‘लोक म्हणतील, काय लपवतायत?’ मी तिला म्हटलं, ‘महिनाभर असाच पाठवून बघ.’ महिन्यात अकरा स्थळं आली. त्यातल्या चार घरांनी दुसरं पान मागितलं, आणि एका मुलाच्या वडिलांनी विचारलं, आमच्या मुलाचाही असाच करून द्याल का?